सायकलवर बूड दुखतंय, तळपाय जळतोय? पायडल अन् शॉर्ट घेण्याआधी हे वाचा

शाळा-कॉलेजला रोज आठ-दहा किलोमीटर सायकल मारणारी पोरं असोत, नाहीतर आषाढीला सायकलवरून पंढरपूर गाठणारे वारकरी असोत, तक्रार एकच. बसायची जागा दुखते आणि पाय भरून येतात. त्यासाठी महागडी सायकल घ्यायची गरज नाही.

आधी सीट बघा : सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवा. पाय सरळ झाला की उंची बरोबर. चालवताना मात्र टाच नव्हे, चवडा पायडलवर हवा, म्हणजे गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असेल तर गुडघे बोलायला लागतात.

पायडल कोणतं? रबर झिजून गुळगुळीत झालं की पावसात पाय सटकतो. चप्पल घालून चालवत असाल तर रुंद, सपाट आणि खरबरीत पायडल घ्या. लोखंडी दातेरी पायडल पातळ चपलेतून टोचतं आणि पाय सटकला तर नडगी सोलतं. बूट अडकवायची पायडलं शर्यतवाल्यांसाठी. खड्डे, गुरं चुकवताना पटकन पाय टेकावा लागतो, तिथं नवखा माणूस आडवा होतो.

दुकानात जुनं पायडल सोबत न्या, कारण आट्यांचं माप सगळीकडे एकच नसतं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. जबरदस्तीनं फिरवलं तर क्रँकचे आटे मरतात.

शॉर्ट कशी घ्यावी? जाड गादी म्हणजे आराम, असं नाही. बसताना टेकणाऱ्या दोन हाडांखाली गादी नीट यायला हवी. दुकानात पुढं वाकून बघा. कापड अंगासरशी बसावं, पण काचू नये. आत अंडरवेअर घालायची नाही, तिच्या शिवणीनंच जास्त घासतं. लाज वाटत असेल तर वरून सैल पँट किंवा सलवार घाला. दर वेळी धुऊन उन्हात वाळवा, नाहीतर घामानं पुरळ येतं.

रोजच्या दोन-चार किलोमीटरला शॉर्टची गरजही नाही. जाड शिवणीची जीन्स टाळली तरी पुरे.

हे दुर्लक्षू नका : जांघेत मुंग्या आल्या किंवा बधिरपणा जाणवला तर लगेच उतरा. सीटचं टोक वर उचललेलं असेल तर सपाट करा आणि अधूनमधून पायडलवर उभं राहून चालवा. उतरल्यावरही बधिरपणा गेला नाही तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा.