गप्प बसणारे साहेब

नांदेड जिल्ह्यात सोयाबीनचे पैसे हातात येतात ते दिवाळीच्या मागेपुढे. अर्धापूरकडे केळी नि हळद, म्हणून तिथलं गणित निराळं. मजुरी करणाऱ्या घरात तर बाजाराच्या दिवशीच काय ते पैसे दिसतात. विम्याची पॉलिसी विकायला निघालेल्या नव्या एजंटाला आधी हे शिकवायला हवं. योजनांची नावं, परताव्याचे तक्ते नंतर.

आयुर्विमा महामंडळात हे शिकवण्याचं काम विकास अधिकाऱ्याकडे असतं. 1956 साली स्थापन झालेल्या या महामंडळाचा गावोगावचा डोलारा एजंटांवर उभा आहे. एजंट शोधायचे, त्यांना परीक्षेला बसवायचं, सोबत फिरायचं, हे विकास अधिकाऱ्याचं काम. त्याचा प्रोत्साहन भत्ता ठरतो तो त्याच्या एजंटांनी आणलेल्या व्यवसायावर. म्हणजे दुसऱ्याला बोलता आलं, तर याचं घर चालतं. शिकवण्यामागे पैसा आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. शिष्य कमावता झाला की गुरूचंही भलं होतं, अशी व्यवस्था फार थोड्या धंद्यांत आहे.

पण हाच पैसा शिकवण्याच्या आड येतो. महिनाअखेर जवळ आलेली असते, टार्गेट बाकी असतं. विकास अधिकारी, म्हणजे साहेब, आणि नवी एजंट ताई मोटारसायकलवरून एखाद्या गावात पोचतात. चहा होतो, ताई अडखळत सांगायला लागतात. घरातली बाई मध्येच विचारते, “मधीच हप्ता भरणं नाही झालं तर?” ताई गोंधळून बोनसबद्दल सांगू लागतात. साहेबांना उत्तर पाठ असतं : वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत, मासिक हप्त्याला 15 दिवसांची. ते पुढे सरसावून उत्तर देतात आणि पॉलिसी होते. मात्र त्या क्षणापासून घरातली मंडळी साहेबांकडे बघून बोलतात. पुढच्या खेपेला ताई एकट्या जातात आणि त्याच प्रश्नाला अडतात.

औषध कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी (एमआर) अशा सोबतीच्या फिरण्याला ‘जॉइंट वर्किंग’ म्हणतात. त्यात शिकवणाऱ्याची खरी परीक्षा गप्प बसण्यात असते. एक पॉलिसी हातची गेली तरी चालेल, पण ताईंचं बोलणं तोडायचं नाही. बाहेर पडल्यावर, पुढच्या फाट्यावरच्या टपरीवर, एकच प्रश्न विचारायचा : “ताई, त्या मावशींनी नेमकं काय विचारलं होतं?” बहुतेक वेळा उत्तर देतादेताच ताईंच्या लक्षात येतं की मावशींनी विचारलं हप्त्याचं आणि आपण सांगितलं बोनसचं. दहा चुका एका दमात सांगितल्या तर माणूस खचतो. ही एक सांगावी, आणि लगेच पुढच्या घरी ती सुधारून बघू द्यावी.

बायकांनी दारोदार जाऊन समजावून सांगण्याचा मोठा अनुभव शेजारच्या लातूरच्या गाठीशी आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर घरं पुन्हा उभी करताना शेकडो गावांत महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं गेलं. सरकारी योजना गावाला सांगायची आणि गावाचं म्हणणं सरकारपर्यंत न्यायचं, हे त्यांचं काम होतं. त्यातूनच प्रेमा गोपालन यांची ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था मराठवाड्यात वाढली आणि पुढे तिच्या गावोगावच्या विक्रेत्या ‘सख्या’ निर्धूर चुली, सौरदिवे विकू लागल्या. 2016 साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांचं ‘इक्वेटर पारितोषिक’ मिळालं.

यातल्या ‘ऊर्जा’ चुलीची गोष्ट शिकवणाऱ्या प्रत्येकानं ऐकावी अशी आहे. आत पंखा असलेली ही चूल शेतातल्या टाकाऊ मालापासून केलेल्या कांड्यांवर चालायची. देशात अशा सुमारे 4 लाख चुली खपल्या. विक्री म्हणून पाहिलं तर हे घवघवीत यश. पुढे कांड्या महागल्या, वेळेवर मिळेनात, आणि कित्येक घरांत चूल कोपऱ्यात जाऊन पडली. विकणारी बाई त्याच गावची. पाणवठ्यावर, लग्नात, बाजारात तिलाच विचारणा होणार. चूल कशी विकावी हे शिकवताना कांड्या संपल्यावर काय, हेही शिकवावं लागतं.

बंद पडलेली पॉलिसी म्हणजे कोपऱ्यातली ती चूलच. ती तशी पडू नये याची तजवीज महामंडळाच्या ‘विमा सखी’ योजनेत आहे; ही योजना 9 डिसेंबर 2024 रोजी पानिपतला सुरू झाली. दहावी झालेल्या, 18 ते 70 वर्षांच्या महिलांना एजंट होण्यासाठी तीन वर्षं विद्यावेतन मिळतं : पहिल्या वर्षी दरमहा 7,000 रुपये, मग 6,000, मग 5,000. पहिल्या वर्षी 24 जणांचा विमा उतरवायचा असतो. दुसऱ्या वर्षाचं विद्यावेतन हवं, तर पहिल्या वर्षीच्या किमान 65 टक्के पॉलिसी चालू असाव्या लागतात. या योजनेतली ही सर्वांत शहाणी अट आहे. दिवाळीला पैसा येणाऱ्या शेतकऱ्याच्या गळ्यात मासिक हप्ता मारून महिनाअखेर साजरी करणारे साहेब तिथं उघडे पडतात.

येत्या दिवाळीनंतर एखादी विमा सखी तुमच्या दारी आली आणि तिच्यासोबत साहेब असले, तर हप्त्याचा प्रश्न साहेबांना विचारू नका. तिलाच विचारा, आणि तिचं उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा.