कॅमेऱ्यामागून धावणारा संगणक

घरच्या व्हिडिओ एडिटिंगसाठी कोणता संगणक घ्यावा, हा प्रश्न पंचवीस-तीस वर्षं जिवंत आहे, आणि दर थोड्या वर्षांनी त्याचं उत्तर फिरवलं ते कॅमेऱ्यानं. दुकानदाराचं दरपत्रक प्रोसेसरपासून सुरू होतं. माझ्या मते सुरुवात चित्रीकरणाच्या फाईलपासून व्हायला हवी.

१९९५ साली डीव्ही कॅसेट आली. चित्र कॅमेऱ्यातच डिजिटल होई आणि फायरवायरच्या केबलमधून जसंच्या तसं संगणकात उतरे. १९९९ मध्ये ॲपलनं आयमॅक डीव्हीसोबत आयमूव्ही दिलं, तर २००० मध्ये विंडोज मिलेनियमबरोबर मूव्ही मेकर आलं. त्या काळी सगळं अडायचं ते हार्ड डिस्कपाशी. तासाभराच्या चित्रीकरणाला सुमारे १३ जीबी जागा लागे, तेव्हा २० जीबीची डिस्क भरायला कितीसा वेळ! शिवाय सेकंदाला ३.६ एमबी असा ओघ अखंड लिहावा लागे. डिस्क क्षणभर मागे पडली की फ्रेम गळायच्या. म्हणून चित्रीकरणासाठी ७२०० आरपीएमची वेगळी डिस्क लावत. जुन्या फॅट ३२ पद्धतीत एक फाईल ४ जीबीच्या पुढे जात नसे, म्हणजे एकोणीसेक मिनिटांतच नवी फाईल. तासाची कॅसेट उतरवायला पूर्ण तास लागायचा. महाराष्ट्रात भारनियमनाच्या दिवसांत तो तास वीज टिकेलच याची खात्री नसे, त्यामुळे यूपीएस हाही एडिटिंगच्या सामानाचाच भाग होता.

२००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकनं एव्हीसीएचडी आणलं आणि गणित उलटं झालं. फाईल डीव्हीपेक्षा लहान, चित्र कितीतरी स्पष्ट, पण टाइमलाइनवर टाकलं की पेंटियम ४ अडखळायचा. डीव्हीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवलेली असते. एव्हीसीएचडीत वापरल्या जाणाऱ्या एच.२६४ मध्ये बहुतेक फ्रेम शेजारच्या फ्रेमपेक्षा किती वेगळी आहे, एवढंच नोंदवलेलं असतं. एक फ्रेम दाखवायची तर आधीच्या अनेक उलगडाव्या लागतात. लहान फाईल हलकी असते हा समज तिथेच मोडला. आता डिस्क मोकळी आणि प्रोसेसर घामाघूम. कोअर २ क्वाडसारख्या चार कोअरच्या प्रोसेसरला घरात जागा मिळाली ती अशी.

२०१० मध्ये ॲडोबीचं प्रीमिअर प्रो सीएस५ फक्त ६४ बिटमध्ये आलं. ४ जीबी रॅमची वेस ओलांडली गेली आणि इफेक्टचं काम ग्राफिक्स कार्डाकडे गेलं. मान्यता मोजक्याच एनव्हिडिया कार्डांना होती. पण ती यादी साध्या टेक्स्ट फाईलमध्ये होती, आणि हौशी मंडळी त्यात आपल्या स्वस्त कार्डाचं नाव लिहून काम भागवत. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत आवडता प्रसंग वाटतो.

खरं वळण मात्र २०११ चं. इंटेलनं सँडी ब्रिज प्रोसेसरमध्येच क्विक सिंक हा व्हिडिओ उलगडणारा स्वतंत्र भाग बसवला. त्याचं महत्त्व अजूनही पुरेसं कळलेलं नाही. थोडे पैसे वाचतात म्हणून आजही लोक नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला इंटेल प्रोसेसर घेतात. त्यात अंगचं ग्राफिक्स बंद असतं, म्हणजे क्विक सिंकही गेलं. २०२० नंतरचे अनेक कॅमेरे १० बिट, ४:२:२ अशा एच.२६५ फाईल देतात. त्या उलगडण्याची सोय इंटेलच्या अकराव्या पिढीत होती, एनव्हिडियाच्या महागड्या कार्डांत मात्र २०२५ च्या ५० मालिकेपर्यंत नव्हती. लाखभराचं कार्ड असूनही टाइमलाइन अडकते आणि साधा लॅपटॉप सुरळीत चालतो, हे कोडं त्यातून सुटतं. ॲपलच्या एम १ नं २०२० मध्ये हाच मार्ग धरून पंखा नसलेल्या मॅकबुक एअरवर ४के संकलन सोपं केलं.

आज घरचं बरंचसं चित्रीकरण फोनवर होतं. त्यासाठी अंगचं ग्राफिक्स असलेला मधल्या पातळीचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, कामासाठी एनव्हीएमई एसएसडी आणि मूळ फाईल जपायला दोन वेगळ्या हार्ड डिस्क पुरतात. रंगांवर किंवा थरावर थर चढवलेल्या इफेक्टवर काम करायचं असेल तरच मोठं ग्राफिक्स कार्ड. तरीही टाइमलाइन अडलीच, तर यंत्र बदलण्याआधी प्रॉक्सी, म्हणजे कमी रिझोल्यूशनच्या हलक्या प्रती, बनवून बघाव्यात. आणि दुकानात जाताना आपल्याच फोनमधली एक क्लिप पेनड्राइव्हवर न्यावी, पसंत केलेल्या संगणकाच्या टाइमलाइनवर ती टाकावी आणि मागे-पुढे सरकवून पाहावी.