बोकड रवंथ करतोय ना?

बकरी ईदला चार दिवस उरलेत. बाजारात दोन बोकड शेजारी शेजारी बांधलेत. एकाचा मालक दावं खेचतोय आणि बोकड चारी पाय रोवून मागं झुकलाय, नुसता ओरडतोय. मालक एका तोंडानं गिऱ्हाइकाला भाव सांगतो, दुसऱ्या तोंडानं बोकडाला शिव्या घालतो. शेजारी एक म्हातारबाबा रिकाम्या पोत्यावर टेकलेत. समोर सुबाभळीची फांदी टाकलेली आणि त्यांचा बोकड बसून रवंथ करतोय. जबडा आडवा फिरतो, मधेच थांबतो, गळ्यातून गोळा वर सरकताना स्पष्ट दिसतो, की पुन्हा जबडा सुरू. मुरलेला हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आधी कुठं थांबतो हे सांगायला नको. आजारी किंवा बिथरलेलं जनावर सहसा रवंथ करत नाही, हे त्याला कुठल्याही डॉक्टरइतकंच ठाऊक असतं.

हौसेनं बोकड पाळणाऱ्या नव्या मंडळींना वाटतं, बाबांचा स्वभावच थंड. तसं नसतं. निवांत दिसणाऱ्या माणसानं आपली घाई वीस महिने आधीच उरकलेली असते. वीसच का, ते पुढं येईल. आधी बाजारात आणि गोठ्यात कायम कानावर पडणारी काही वाक्यं तपासून घेऊ.

‘ईदच्या सहा महिने आधी करडू आणलं तरी चालतंय की’

चालत नाही. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पूर्ण लागतो आणि गिऱ्हाईक पुरावा म्हणून ओठ वर करून दात बघतं. पुढचे दोन दुधाचे दात पडून पक्के येतात ते साधारण बारा ते पंधरा महिन्यांत. तोवर तो ‘आदत’, नंतर ‘दोन दाती’. करडू पोटात असतं सुमारे १५० दिवस, म्हणजे पाच महिने. पंधरा आणि पाच वीस. शिवाय हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळं ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडं सरकते. आपल्याकडं २०२३ मध्ये ती २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जूनला, २०२५ मध्ये ७ जूनला. त्या सात जूनला दोन दाती बोकड बाजारात उभा करायचा तर करडू मार्च २०२४ च्या आसपास जन्मायला हवं होतं आणि शेळी ऑक्टोबर २०२३ मध्ये फळायला हवी होती. हे गणित भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेलं नसेल, तर बाजाराच्या दिवशी डोकं कितीही शांत ठेवायचं म्हटलं तरी ते राहत नाही.

दातांवरून तारीख मात्र निघत नाही. एकाच शेळीच्या जुळ्यांतही दात पडायला दोन-चार आठवडे मागंपुढं होतं. म्हणून जन्माची वही ठेवा आणि व्याल्याच्या दिवशीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. बोकड वर्षाचा झाला पण दात हललेला नाही, अशा वेळी हुज्जत घालण्यापेक्षा वही पुढं करणं सोपं.

‘शेवटचे दोन महिने दाबून मका चारला की अंग भरतंय’

या वाक्यानं जितके बोकड मारले तितके लांडग्यांनी मारले नसतील, असं मी वैतागून म्हणतो. माझाही एक गेला असता. पहिल्या वर्षी, बाजाराला दहा दिवस राहिले असताना, शेजारच्याचा बोकड माझ्यापेक्षा भरलेला दिसला आणि माझी झोप उडाली. मूठभर भरड्याचं मी एकदम टोपलंभर केलं. तिसऱ्या दिवशी बोकड गव्हाणीकडं पाठ करून उभा. दात करकरा खात होता, डावी कूस फुगलेली, लेंड्यांच्या जागी आंबूस वासाचं पातळ शेण. डॉक्टर आले, बोकड वाचला, पण चार किलोनं उतरला आणि त्या वर्षी बाजाराला गेलाच नाही.

झालं होतं ते असं. शेळीच्या मोठ्या पोटात जे सूक्ष्मजीव असतात ते पाल्या-चाऱ्यावर जगणारे. दाणा एकदम वाढला की आम्ल तयार करणारे जीव माजतात, पोटातली आंबटता वाढते आणि रवंथ थांबतो. दाणा पचवायला पोटाला तयार व्हायचं तर दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून मापही तितक्याच हळूहळू वाढवायचं. त्यातच आंत्रविषाराचे जिवाणू आतड्यात आधीपासून असतात. पिष्टमय खाणं भरपूर मिळालं की ते विष सोडतात आणि संध्याकाळी तरतरीत असलेलं जनावर सकाळी आडवं सापडतं. याची लस आहे, पण टोचल्यावर अंगात ताकद यायला सुमारे दोन आठवडे जातात. बाजाराच्या आदल्या दिवशी टोचून घेणं म्हणजे पाऊस पडल्यावर छप्पर शाकारणं.

तिसरी गोष्ट खस्सी बोकडांची. खस्सी केलेला बोकड शांत असतो, त्याला वास येत नाही, मांस चांगलं धरतो आणि कुर्बानीलाही चालतो, म्हणून हौशी लोक तो पसंत करतात. पण करडू फार लहान असताना खस्सी केलं तर मूत्रनलिका अरुंद राहते. धान्यात आणि गव्हाच्या कोंड्यात स्फुरद भरपूर, चुना कमी. नुसतं तेच घालत राहिलं की मुतखडे धरतात आणि ते नलिकेच्या शेंड्याला असलेल्या दोऱ्याएवढ्या टोकात अडकतात. बोकड ताणून उभा राहतो, शेपटी हलवतो, कण्हतो. लोक म्हणतात, पोट साफ होत नाही, तेल पाजा. तेलात जाणारा तो एक दिवसच महाग पडतो, कारण मूत्राशय फुटलं की फारसं काही हातात राहत नाही. चुना आणि स्फुरद यांचं प्रमाण साधारण दोनास एक हवं. लसूणघास, सुबाभूळ, शेवरी यांच्या पाल्यात चुना भरपूर असतो. पाणी सतत समोर हवं आणि मिठाची वीट टांगलेली हवी, म्हणजे तहान लागते. हे सगळं सावकाशीचं काम. दहा दिवसांत उरकायला गेलं की अंगाशी येतं.

‘जनावराला काय कळतंय आपल्या मनातलं’

बरंच कळतं. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात सांभाळलेल्या शेळ्यांचं एक आश्रयस्थान आहे. तिथल्या २० शेळ्यांवर केलेला प्रयोग २०१८ मध्ये ‘रॉयल सोसायटी ओपन सायन्स’मध्ये छापून आला. एकाच अनोळखी माणसाचे दोन फोटो लावले, एक हसरा, एक रागावलेला. शेळ्या हसऱ्या फोटोकडं आधी गेल्या आणि त्याच्यापाशी जास्त रेंगाळल्या. त्यातही हसरा फोटो उजव्या बाजूला असला तरच हा फरक दिसला. शेळ्या मूळच्याच माणसाळलेल्या होत्या, तेव्हा लगेच आरशासमोर हसायची तालीम करू नका. पण दोन महिने तुमचा चेहरा बघत आणि आवाज ऐकत असलेला बोकड बाजारात तुमची धांदल बघून बिथरत असेल, तर त्यात नवल नाही.

शिवाय शेळी कळपाची. आडव्या बाहुलीमुळं तिला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त पाठीमागचं तेवढं नाही. मागून येऊन कमरेवर हात ठेवला की ती दचकणारच. प्रदर्शनात परीक्षक आणि बाजारात गिऱ्हाईक नेमकं हेच करतात. पाठीवर, छातीवर हात फिरवतात, अंडकोष चाचपतात, ओठ वर करतात. म्हणून शेवटचे दोन-तीन महिने रोज पंधरा मिनिटं दाव्यानं फिरवायचं आणि ओठ वर करायची सवय घरीच लावायची. मी ओळखीच्या पोराटोरांना सांगतो, ‘अरे, येता-जाता जरा बोकडाच्या कमरेवर हात टाकून जा.’ बोकड एकटा न्यायचा नाही. जोडीला दुसरा असला की निम्मा आरडाओरडा आपोआप बंद होतो, मग दुसरा विकायचा असो वा नसो.

‘नजरेनं वजन सांगतो मी’

सांगा, पण टेपही जवळ ठेवा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचांत मोजायची. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की किलो निघतात. घेर ३४ आणि लांबी ३२ असेल तर ५६ किलो. टेप एका इंचानं सैल धरली तर हेच उत्तर ५९ किलोवर जातं, म्हणजे किलोला ५०० रुपये धरले तरी दीड हजाराचा वाद. काट्यावर नेलेलं बरं. प्रवासात बोकड मूत-लेंड्या टाकतो, पाणी पीत नाही आणि वजन उतरतं. त्याचा राग गाडीवाल्यावर काढून उपयोग नसतो. सकाळचं घरचं वजन आणि बाजारातलं वजन यांत फरक पडणारच, हे आधीच धरून चाला. मीठ-पाणी पाजून पोट तट्ट करणारे असतात. हेडी कूस दाबून ते ओळखतो आणि मग तुमच्या पुढच्या प्रत्येक वाक्यावर संशय घेतो.

‘सत्तर लाखांचा मेंढा होता म्हणे, माझ्या बोकडाला दोन लाख तरी यायलाच पाहिजेत’

२०२० च्या अखेरीस सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडच्या माडग्याळी मेंढ्याची बातमी देशभर फिरली. त्याला ७० लाखांची मागणी आली होती. मालकानं दीड कोटी सांगितले, कारण त्याला मेंढा द्यायचाच नव्हता. लोकांच्या डोक्यात राहिले ते आकडे. मागणी वेगळी आणि सौदा वेगळा. इसार हातात पडेपर्यंत सांगितलेली रक्कम हवेतलीच. कपाळावरची चंद्रकोर, गुलाबी कान, खांद्याएवढी उंची यांचे भाव हौसेचे असतात आणि हौस कुणाला कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसतं. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं अडतं ते भलतीकडंच. डोळ्यानं अधू, लंगडा, आजारी किंवा हाडं दिसणारा बोकड कुर्बानीला चालत नाही. नखी न साळल्यामुळं लंगडणारा बोकड चंद्रकोरीसकट परत येतो.

जातीबद्दलही असंच. उस्मानाबादी, संगमनेरी, कोकण कन्याळ आणि बेरारी या आपल्या नोंदणीकृत जाती. काळा, अंगाबांध्यानं मध्यम उस्मानाबादी बोकड पंजाबच्या बीटलशेजारी उभा करून उंचीसाठी झुरायचं कशाला? उस्मानाबादीची मातब्बरी जुळ्यांत आणि कोरड्या रानात टिकण्यात. प्रदर्शनात त्याला त्याच्याच गटात उतरवा.

‘आदल्या रात्री भाव चढतोच’

कधी चढतो, कधी कोसळतो. मुंबईत देवनारला ईदच्या आधी लाखाहून जास्त बोकड येतात, राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, उत्तर प्रदेशातून. त्या रात्री किती गाड्या उतरल्या आणि पाऊस कधी आला, यावर भाव ठरतो. जूनमध्ये पावसानं चिखल झाला की भिजलेला बोकड शिंकायला लागतो आणि मालकाचा धीर आधी सुटतो. माझी पद्धत अशी : घरून निघतानाच खालचा आकडा चिठ्ठीवर लिहितो आणि चिठ्ठी खिशात ठेवतो. कुणी विचारलं, ‘काय मालक, सोडणार काय?’, की चिठ्ठी आठवतो. आकड्याच्या वर आलं की इसार घेतो, त्यानंतर शेजारच्याला किती मिळाले ते विचारत नाही.

गेल्या खेपेला दोनांतला एक परत आला. बाजारातून आलेलं जनावर थेट कळपात सोडायचं नसतं. पीपीआरसारखा आजार बाजारातून घरी येतो आणि दिसायला काही दिवस लागतात. म्हणून शेडच्या टोकाला, कुडाच्या पलीकडं तीन आठवडे त्याची गव्हाण वेगळी. पहिल्या रात्री दाणा दिला नाही, नुसतं वाळलेलं हरभऱ्याचं भुसकट आणि पाणी. साडेदहाला बॅटरी घेऊन बघायला गेलो तर बसला होता, जबडा आडवा फिरत होता. वहीत त्याच्या नावापुढं ‘पुढल्या साली चार दाती’ लिहिलं आणि झोपायला गेलो.