विश्लेषण : डेंग्यू, चिकुनगुनिया की झिका? सुरुवातीला सगळे ताप सारखेच का वाटतात?

पावसाळ्यात खुटबाव, यवत, केडगाव पट्ट्यात कुणाला ताप आला की पहिला प्रश्न असतो, ‘डेंग्यू तर नाही ना?’ नुसत्या लक्षणांवरून याचे ठाम उत्तर डॉक्टरांनाही लगेच देता येत नाही. याचे कारण आपल्या शरीराच्या लढण्याच्या पद्धतीत आहे. ते समजून घेऊ...

बेलसरमध्ये काय आढळले होते?

दौंडला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यातील बेलसरमध्ये जुलै २०२१ मध्ये तापाचे रुग्ण वाढले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या (एनआयव्ही) पथकाने बेलसर आणि परिंचे येथून ४१ जणांचे रक्तनमुने घेतले. त्यात २५ जणांना चिकुनगुनिया, तिघांना डेंग्यू, तर एका महिलेला झिका असल्याचे निष्पन्न झाले. राज्यातील झिकाचा हा पहिला रुग्ण ठरला. म्हणजे एकाच भागात, एकाच वेळी तीन वेगवेगळे विषाणू होते.

शरीराला विषाणू कळतो कसा?

या तिन्ही विषाणूंचा जनुकीय मजकूर आरएनएमध्ये असतो. पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढताना त्यांच्या आरएनएचे लांब दुहेरी धागे तयार होतात. निरोगी पेशीच्या आतल्या द्रवात असे धागे सहसा नसतात. तिथे पहाऱ्यावर असलेली ‘रिग-आय’ आणि ‘एमडीए-५’ ही प्रथिने नेमकी हीच खूण पकडतात. विषाणू कोणता, याच्याशी त्यांना देणेघेणे नसते. ही झाली जन्मजात प्रतिकारशक्ती.

पुढे काय होते?

बाधित पेशी ‘इंटरफेरॉन’ नावाचे प्रथिन बाहेर सोडते. १९५७ मध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन या शास्त्रज्ञांनी ते शोधले. हा इशारा मिळताच शेजारच्या पेशी विषाणूच्या प्रती निघू नयेत म्हणून शेकडो जनुके कामाला लावतात. ‘नॅचरल किलर’ पेशी बाधित पेशींना संपवतात. याच धामधुमीत सुटणारी रसायने मेंदूतील तापमान नियंत्रक वर सरकवतात. ताप, अंगदुखी आणि गळून गेल्यासारखे वाटणे, यात मोठा वाटा या लढाईचाच असतो. सुरुवातीचा प्रतिसाद बराचसा समान, म्हणून लक्षणेही मिळतीजुळती.

विषाणू गप्प बसतो का?

नाही. झिकाचे ‘एनएस-५’ हे प्रथिन मानवी पेशीतील ‘स्टॅट-२’ नष्ट करते. इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत नेणारा हा दूतच संपला, की इशारा येऊनही पेशी बेसावध राहते.

‘ताप किती दिवसांचा?’ हे का विचारतात?

विशिष्ट विषाणू ओळखणाऱ्या अँटिबॉडी तयार व्हायला काही दिवस लागतात. तोवर मुख्य भिस्त जन्मजात प्रतिकारशक्तीवरच असते. म्हणूनच डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत विषाणूचेच प्रथिन शोधणारी ‘एनएस-१’ चाचणी करतात आणि त्यानंतर अँटिबॉडी शोधणारी ‘आयजीएम’. पहिल्या-दुसऱ्या दिवशी ‘आयजीएम’ निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही, असे समजू नका. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला, ते लिहून ठेवा.

काय काळजी घ्यावी?

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. डेंग्यूची शंका असेल तर अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉलही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच घ्या. गर्भवतींनी ताप आल्यास लगेच दवाखाना गाठावा, कारण झिकामुळे बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे, ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. डेंग्यूत खरा धोका अनेकदा तेव्हाच सुरू होतो. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अस्वस्थपणा यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा.