ताळा जुळला, तरी गणित चुकलं

फळ्यावर उदाहरण लिहिलंय. मिरजगावातल्या एका घरची १६ माणसं एसटीनं लग्नाला निघाली. त्यातले आजी-आजोबा दोघंही पंचाहत्तरी ओलांडलेले, त्यांचा प्रवास फुकट. बाकीच्यांपैकी काहींचं पूर्ण तिकीट ८० रुपयांचं, काहींचं अर्धं ४० रुपयांचं. कंडक्टरनं एकूण ८८० रुपये घेतले. तर पूर्ण तिकिटं किती आणि अर्धी किती?

नगर-सोलापूर रस्त्यावरच्या या गावात असलं उदाहरण समजावून सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट लागू झालं. लहान मुलांचं अर्धं तिकीट तर आधीपासूनच होतं. ८० हा आकडा मात्र सरांनी हिशेब सोपा जावा म्हणून घेतलाय. संध्याकाळच्या शिकवणीतली दहावीची पोरं वह्यांवर वाकतात.

दुसऱ्या बाकावरची मुलगी सगळ्यांत आधी सुरुवात करते. ‘मानू, पूर्ण तिकिटं एक्स आणि अर्धी तिकिटं वाय.’ खाली पहिलं समीकरण: एक्स + वाय = १६. त्याखाली दुसरं: ८० एक्स + ४० वाय = ८८०. दुसऱ्याला ४० नं भागून ती २ एक्स + वाय = २२ असं सुटसुटीत करून घेते. त्यातून पहिलं वजा केलं की वाय उडतो आणि एक्स = ६ उरतो. म्हणून वाय = १०. शेजारच्या कच्च्या कामाच्या रकान्यात ती ताळाही करते. सहा पूर्ण तिकिटांचे ४८०, दहा अर्ध्यांचे ४००, एकूण ८८०.

“सर, ताळा जुळला!”

“जुळला ना? मग आजी-आजोबांचं तिकीट कुणी काढलं गं?”

वर्गात हशा पिकतो. मुलगी वहीकडे बघते आणि १६ वर काट मारून १४ करते. पुढच्या पायऱ्या त्याच, आकडे तेवढे वेगळे. पूर्ण तिकिटं ८, अर्धी ६. आता ६४० अधिक २४०, पुन्हा ८८०च.

सरांनी आकडे मुद्दाम असे निवडलेत. चुकीच्या मांडणीतूनही उत्तर पूर्णांकात येतं आणि पैशांचा ताळाही बसतो. वजाबाकी चोख, चिन्हं चोख. चूक फक्त पहिल्या ओळीत, जिथे गोष्टीचं समीकरण झालं तिथे. मुलीनं ताळा केला तो स्वतःच्या समीकरणाशी. उदाहरण पुन्हा वाचून केला असता, तर फुकट बसलेली दोन माणसं तिथेच सापडली असती.

बोर्डाचा गणित भाग १ चा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा. शेवटचं उत्तर चुकलं तरी बरोबर आलेल्या पायऱ्यांचे गुण मिळतात, म्हणून शिकवणीत कुणी ‘मानू’ गाळलं की वही परत येते. पेपरात ‘कृती पूर्ण करा’ असेही प्रश्न असतात. त्यात पायऱ्या छापलेल्या असतात, चौकटी तेवढ्या भरायच्या. त्या भरण्यात पोरं पटाईत होतात. पण तिथे पहिली ओळ बहुधा आयतीच मिळते, आणि ती स्वतः मांडायची वेळ आली की पेन अडतं.

ही मांडणीची शिस्त जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त उदाहरणांनंतर ‘न्यास’ येतो, म्हणजे दिलेले आकडे आधी एकत्र मांडून ठेवायचे. त्यातलं मोर आणि सापाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. नऊ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ, आणि साप २७ हातांवरून बिळाकडे निघालेला. मोर तिरका झेपावला आणि दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर गाठ कुठे पडली? बिळापासून १२ हातांवर. सापानं १५ हात कापले. नवाचा वर्ग ८१, बाराचा १४४, बेरीज २२५, म्हणजे मोराचेही १५. आणि हा ताळा थेट गोष्टीतल्या अटीशी होतो. बीजगणितात एकाहून अधिक अज्ञात राशी आल्या की भास्कराचार्य पहिलीला ‘या’, पुढच्यांना काळा, निळा अशा रंगांवरून ‘का’, ‘नी’ म्हणत. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेवानं मठ काढला. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात त्याची नोंद आहे.

बीजगणित संपतं, विज्ञानाची वही निघते. विहिरीतलं पाणी ५० फूट वर चढवून १०,००० लिटरची टाकी भरायची आहे. मोटर पाच एचपीची. किती वेळ लागेल?

इथे ‘दिलेले’ हा रकाना सगळ्यांत जास्त वेळ खातो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून वस्तुमान १०,००० किलो. एक एचपी ७४६ वॅट, म्हणून मोटर ३,७३० वॅटची. मागच्या बाकावरचा एक जण उंचीच्या जागी ५० तसेच ठेवतो आणि त्याचं उत्तर साधारण २२ मिनिटं येतं. ऐकायला अगदी पटण्यासारखं. सर त्याला आकड्यांपुढे एककं लिहायला लावतात. फूट तिथे उघडा पडतो, कारण फुटांतून ज्यूल निघत नाही. ५० फूट म्हणजे १५.२४ मीटर. वस्तुमान, गुरुत्व त्वरणाचे ९.८ आणि उंची यांचा गुणाकार १४,९३,५२० ज्यूल. त्याला ३,७३० नं भागलं की ४०० सेकंद, म्हणजे पावणेसात मिनिटांच्याही आत.

“सर, एवढ्यात नाही भरत. आमची पण पाचचीच आहे.”

सर हरकत ऐकून घेतात. पंपात आणि पाइपात काही शक्ती वाया जाते. पाण्याला निम्मीच मिळते असं मानलं तर ८०० सेकंद, म्हणजे १३ मिनिटं २० सेकंद. पोराचं तरी समाधान होत नाही. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली जातं, मग? सर फळ्यावरचे ५० पुसून ६५ लिहितात. बाकी सगळं तसंच.

यावेळी तो आधी फुटांचे मीटर करतो.