नातवाचा डबा आणि आजीचे स्नायू

दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये मुलाकडे तीन महिने राहिले. तिथला सोफा फार खोल. उठताना नातवाने हात द्यायचा, मला लाज वाटायची. तो इमारतीतल्या जिममध्ये जातो, प्रोटीन पावडरचा भलामोठा डबा बाळगतो. "आजी, तूही घे," म्हणाला.

मी हिशेब मांडला. वजने उचलणाऱ्या तरुणाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रोटीन पुरते. त्यापुढे स्नायूंना फारसा फायदा नाही. पासष्टीपुढे १ ते १.२ ग्रॅम हवे. माझे वजन ६० किलो, म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम. आणि मी खात होते काय? चहा-खारी, वरणभात, रात्री पेज! चाळीसही भरत नव्हते.

आता सकाळी दोन अंडी (१२ ग्रॅम), दुपारी चपातीबरोबर घट्ट वरण नि दही, चार वाजता मूठभर फुटाणे, रात्री शंभर ग्रॅम पापलेट किंवा रावस (सुमारे २० ग्रॅम). साठ गाठले जातात. पावडर बहुधा दुधाच्या निवळीची, त्यामुळे शब्बाथच्या मटणाच्या जेवणावर आपल्याला चालायची नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवूच नका.

नुसते खाऊन मात्र भागत नाही. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न टेकता उठायचे-बसायचे, दहा वेळा. पहिल्या दिवशी मला तीनदाच जमले. निघायच्या आठवड्यात सोफ्यावरून एकटी उठले. नातू मोबाइलमध्ये, त्याने पाहिलेच नाही.