संपूर्ण कवळीची डिजिटल घडण आणि मराठी वर्णोच्चार

दात ही केवळ चर्वणाची साधने नव्हेत. ती वर्णोच्चाराची स्थानेही आहेत. प्राचीन शिक्षाकारांनी तवर्ग, ल आणि स यांस दन्त्य म्हटले. ऋक्प्रातिशाख्याने तवर्गाचे स्थान दातांच्या मुळाशी मानले. सर्व दात गेलेल्या मनुष्याच्या मुखातून हीच स्थाने नाहीशी होतात. संपूर्ण कवळी बसविणे म्हणजे ती कृत्रिम रीतीने पुन्हा उभारणे होय. यास्तव कवळीच्या घडणीत झालेला पालट ध्वनिविज्ञानाच्याही विचाराचा विषय ठरतो.

रूढ पद्धतीत प्रथम हिरड्यांचा व टाळूचा ठसा घेऊन त्यावरून जिप्समची प्रतिकृती करतात. मेणाच्या पाळीच्या साहाय्याने दोन्ही जबड्यांतील अंतर निश्चित करतात, मेणात दात रचून ते तोंडात बसवून पाहतात, आणि शेवटी मेणाच्या जागी अॅक्रिलिक भरून ते उष्णतेने घट्ट करतात. या कामी रुग्णास सामान्यतः पाच खेपा घालाव्या लागतात. शिवाय घट्ट होताना अॅक्रिलिक आकुंचन पावते व कवळी टाळूपासून, विशेषतः मागील कडेस, किंचित सुटते.

डिजिटल पद्धतीत ठशाचे अथवा प्रत्यक्ष तोंडाचे स्कॅनरने मोजमाप घेतात आणि दातांची रचना संगणकाच्या पडद्यावर करतात. अशा रीतीने संपूर्ण कवळी घडविण्याचा प्रयोग जपानमधील माएदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केला. आज प्रत्यक्ष घडणीचे दोन मार्ग आहेत. एकात आधीच घट्ट केलेल्या अॅक्रिलिकच्या चकतीतून यंत्र कवळी कोरून काढते. आकुंचन पूर्वीच होऊन गेलेले असल्याने ती टाळूस अधिक नेमकी बसते. दुसऱ्यात प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवाचे थरावर थर देऊन ती छापतात. यात द्रव्य कमी वाया जाते, परंतु छापल्यानंतर पुन्हा प्रकाश देऊन ती पक्की करावी लागते. दोन्ही मार्गांनी खेपा कमी होतात. कवळी हरवली, तरी जतन केलेल्या आकृतीवरून दुसरी करता येते.

तथापि या पद्धतीस मर्यादा आहेत. ओलसर, चकाकणारी हिरडी स्कॅनरला नीट टिपता येत नाही. ओठ, गाल व जीभ हलताना कवळीच्या कडांना जी जागा सोडावी लागते, तीही स्थिर मोजमापात उतरत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी ठसा जुन्या रीतीने घेऊन त्याचेच स्कॅनिंग करतात.

उच्चाराचा प्रश्न याच ठिकाणी उपस्थित होतो, कारण उच्चार ही गती आहे. वरच्या दातांमागील कवळीचा भाग व जीभ यांमधील वाट फार अरुंद झाली, तर स उच्चारताना शीळ वाजते. फार रुंद झाली, तर स हा श कडे झुकतो. जीभ टाळूला कोठे स्पर्श करते, हे टाळूवर लेप देऊन पाहण्याची युक्ती लंडनचे दंतवैद्य ओकली कोल्स यांनी १८७०च्या दशकात योजली. आज असा स्पर्शलेख कवळीच्या आकृतीशी ताडून पाहता येतो व नेमक्या जागी जाडी कमीअधिक करता येते. पूर्वी हे काम कानसेने व अंदाजाने होई. आता त्याचे माप राहते आणि ते पुन्हा वापरता येते.

परंतु पारख कोणत्या शब्दांनी करावी, हे यंत्र सांगत नाही. मेयर सिल्व्हरमन यांनी १९५३ साली जबड्यांतील अंतर मापण्यासाठी बोलण्याचा उपयोग सुचविला, तो इंग्रजीतील सकारयुक्त उच्चारांच्या आधारे. मराठीची गरज याहून निराळी आहे. ‘साल’ व ‘शाल’, ‘ताक’ व ‘टाक’ ही युग्मे तर हवीतच. पण मराठीत ‘चार’मधील तालव्य च आणि ‘चारा’मधील दंततालव्य च हे वेगळे वर्ण आहेत. ‘जग’ हा शब्द विश्व या अर्थी एका ज ने, तर ‘जगणे’चे आज्ञार्थी रूप म्हणून दुसऱ्या ज ने उच्चारला जातो. लेखनात हा भेद दिसत नाही; तो केवळ जिभेने राखला जातो, आणि जाड टाळूच्या कवळीत तोच प्रथम पुसट होण्याचा संभव असतो.

जिभेला नव्या कवळीची सवय होण्यास काही आठवडे लागतात. म्हणून पहिल्याच दिवशीच्या उच्चारावरून निर्णय करणे योग्य नव्हे. त्या अवधीनंतरही भेद पुसट राहिल्यास दोष जिभेकडे न लावता आकृतीत शोधावा. कवळी तोंडात घट्ट बसली, एवढ्याने कार्य पुरे होत नाही. ऐकणाऱ्यास शब्द पुनःपुन्हा विचारावा लागला, तर वृद्ध मनुष्य हळूहळू बोलणेच टाळतो. मराठीसाठी प्रमाण अशी शब्दयुग्मांची यादी सिद्ध करणे, हे दंतवैद्य व भाषाभ्यासक यांचे समान कर्तव्य होय.